पिल्लू यायच्या आधी

"आई, दुकानवाल्या काकूंच्या मांजरीला पिल्लं झालीत ना? त्यातलं एक आणू या."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या लेकीने एवढं म्हटलं आणि टेलरबाईंचा मशीनवरचा पाय जागीच थांबला. किती महिन्यांनी पोरीने काहीतरी मागितलं होतं! नाहीतर उत्तर ठरलेलं. जेवतेस का? नको. अंघोळ करतेस का? नको. दारात तरी बस घटकाभर. नको म्हटलं ना. आणि आज चक्क मांजर मागत होती. तिने वाघ मागितला असता तरी टेलरबाई "बघते हं" म्हणाल्या असत्या.

"आणू की," त्या म्हणाल्या. "आत्ताच जाऊन सांगून येते."

"आत्ता नको." लेक उठून बसली. विस्कटलेल्या केसांतून तिने खोलीभर नजर फिरवली. "ह्या घरात आणायचं? असल्या घरात? आधी घर नीट कर. मग आण."

टेलरबाईंनी मान डोलावली. घर नीट कर म्हणजे काय, हे त्यांना फोड करून सांगायची गरज नव्हती. याच खोलीत, मशीन आणि कपाट यांच्या मधल्या जागेत, लेकीची लेक गेली होती. नाव मोठं छान ठेवलं होतं तिचं, पण सगळे तिला ठकीच म्हणायचे. नुकती कुठे रांगायला लागली होती. शर्टाचं बटण घशात अडकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळं संपलं.

आता टेलरच्या घरात बटणं असणारच. आणि टेलरच्या घरात पोर असलं की बटणांची माळही असणारच. विकतचं खेळणं कोण आणतो? डब्यातली उरलीसुरली रंगीत बटणं दोऱ्यात ओवायची, गाठ मारायची आणि पोराच्या हातात द्यायची. पोर खुळखुळ वाजवत बसतं, आई निवांत टिपा मारते. टेलरबाई स्वतः अशाच माळेवर वाढल्या, लेकही वाढली. टेलरबाईंची स्वतःची ती जुनी माळ इतकी वर्षं मशीनच्या मागे खिळ्याला लटकत होती.

त्या जुन्या माळेचा दोरा कुजला होता, तीच आजीने नातीच्या हातात दिली आणि ती तुटली, असं लेकीला ठाऊक होतं. आणि ते खोटं होतं.

खरं असं की शाळा उघडायच्या तोंडावर युनिफॉर्मचा ढीग पडला होता. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून लेक पोरीला घेऊन आईच्या मदतीला येऊन राहिली होती. त्या सकाळी ठकी रडून रडून काम करू देईना. लेकीने डबा उपडा केला, लाल-पिवळी बटणं निवडली, रिळावरून दोरा ओढला, तोही एकेरी, आणि टोकाला घाईघाईत गाठ मारली. टेलरबाई समोरच बसून कॉलर लावत होत्या. त्यांनी पाहिलं. एकेरी दोऱ्यावर माळ ओवू नये, हे त्या झोपेतसुद्धा सांगतील. पण तोंडात टाचण्या होत्या. दातांत टाचण्या धरलेला टेलर बोलत नाही, नुसता हुंकारतो. टाचण्या निघाल्या की सांगू, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग दुसरी कॉलर हातात घेतली, मग तिसरी, आणि सांगायचं राहून गेलं. झालं एवढंच. एवढ्यात माणूस जातं, कुणाला खरं वाटेल का?

दवाखान्यातून जावयाचा बोटीवरचा नंबर आणायला टेलरबाई एकट्या घरी आल्या होत्या. जमिनीवर लाल-पिवळी बटणं पसरलेली. कडेला तो एकेरी दोरा, गाठ सुटून सरळ झालेला. ही पोर घरी येईल, हे बघेल आणि मग? नातीच्या मागोमाग लेकही जाईल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. त्यांनी बटणं एकूण एक गोळा केली, पुन्हा ओवली आणि लेकीची माळ होती तशी करून खिळ्याला लटकवली. मग स्वतःची जुनी माळ घेतली, दोरा दोन्ही हातांनी हिसडून तोडला आणि ती बटणं जमिनीवर फेकली. हे करताना त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. डॉक्टरांनी काढलेलं बटण कसलं होतं, हे विचारायचं भान नंतर कुणाला राहिलं?

"तुझी माळ वर ठेवली गं मी," त्यांनी संध्याकाळी लेकीला सांगितलं होतं. "माझी जुनी दिली तिला. दोरा कुजलेला, मला मेलीला दिसलंच नाही."

लेकीने खिळ्यावरची आपली धडधाकट माळ काढून उशीखाली ठेवली होती. ती अजून तिथेच होती.

तर असं ते घर, आणि ते आता नीट करायचं होतं.

लेक पलंगावर बसून हुकूम सोडायला लागली आणि टेलरबाई गुडघ्यांवर आल्या. लोहचुंबकाला नाडी बांधून त्यांनी तो कपाटाखाली, पलंगाखाली, मशीनच्या पायट्याखाली फिरवला. सुया निघाल्या, टाचण्या निघाल्या, मोडक्या सुयांची टोकं निघाली. प्रत्येक वेळी लेक पुढे वाकून बघायची.

"बघ! बघ किती आहेत! आणि म्हणे मी रोज झाडते."

"झाडूला लागत नाहीत गं त्या. फटीत जातात."

"फटीत जातात म्हणे! पोरांचे हात जात नाहीत वाटतं फटीत?"

फटी टेलरबाईंनी लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून भरल्या. कपाटामागे मांजराचं पिल्लू अडकेल, म्हणून दुकानवालीच्या नवऱ्याला बोलावून कपाट भिंतीला चिकटवून घेतलं. कपड्यांतल्या डांबरगोळ्या लेकीने वास घेऊनच ओळखल्या. "ह्या मांजराला विष असतात, फेकून दे." फेकल्या. आता गिऱ्हाइकांच्या लोकरी कपड्यांना कसर लागली तर लागली. मशीनचा पट्टा उघडा होता, त्यात शेपूट सापडेल, म्हणून पुठ्ठा कापून त्यावर झाकण केलं. बादल्यांना झाकणं आली. इस्त्रीची वायर भिंतीवर उंच गेली. रिळांना, बॉबिनना, बटणांना कुलपाचा डबा आला, आणि किल्ली लेकीकडे. दोरा लागला की टेलरबाईंनी मागायचा आणि लेकीने मोजून काढून द्यायचा. अख्खं आयुष्य दोऱ्यात घालवलेल्या बाईला आता वीतभर दोऱ्यासाठी हात पसरावा लागत होता, आणि त्या पसरतही होत्या.

दुकानवाली एकदा डोकावली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अहो टेलरबाई, मांजर येतंय की मंत्री येतोय? आमच्याकडे पोत्यांवर जन्मली ती, पोत्यांवरच लोळतात."

"तुमच्या पोत्यांत सुया नसतात, काकू," पलंगावरून उत्तर आलं.

"सुया नसतात, पण उंदीर असतात गं बाई!" दुकानवाली हसली. लेकही ओठांच्या कोपऱ्यातून हसली. अगदी नखाएवढं, पण हसली. टेलरबाईंनी ते पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. उगाच नजर लागायची.

खिडकीला जाळी ठोकायची वेळ आली तेव्हा लेक पलंगावरून उतरली. बाथरूमखेरीज कशासाठी ती उतरली नव्हती इतक्या दिवसांत. तिने जाळीला बोट लावून बघितलं, हिसडून बघितलं, आणि खिळा हातात घेऊन उभी राहिली.

"केवढी धावपळ गं," ती म्हणाली. आवाज साधाच होता. मग एकदम चिरकला. "एका मांजरासाठी सगळं करता येतंय तुला. फटी बुजवता येतात, डबे लावता येतात, चुंबक फिरवता येतो. मग तेव्हा काय हात मोडले होते? तेव्हा का नाही केलंस? ती मांजरापेक्षा स्वस्त होती का?"

टेलरबाई स्टुलावर उभ्या होत्या. हातोडी तशीच हातात. ओठांवर आलं होतं ते त्यांनी गिळलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"चुकलं म्हणे! दोरा कुजलाय हे तुला दिसू नये? तुला? अर्ध्या गावाच्या कपड्यांच्या चुका काढतेस तू! कुणाची टीप वाकडी, कुणाची बाही आखूड, सगळं दिसतं. आणि स्वतःच्या नातीच्या हातातला दोरा दिसला नाही?"

"नाही दिसला, बाळा."

"मला बाळा म्हणू नकोस."

बोलून बोलून तिला धाप लागली. मग तिने भांडंभर पाणी पिऊन टाकलं आणि त्या दिवशी दोन पाव खाल्ले. टेलरबाईंनी बरोबर हिशेब लावला. ज्या दिवशी पोर तोंडसुख घेते, त्या दिवशी तिच्या पोटात काहीतरी जातं. ज्या दिवशी गप्प, त्या दिवशी उपास. मग काय, बोलू दे की! शब्दांनी कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत. निदान टेलरबाई तरी स्वतःला असंच सांगायच्या, आणि मोरीत नळ सोडून घटकाभर उभ्या राहायच्या.

"तुम्हाला इतकं टाकून बोलते आणि तुम्ही ऐकून घेता!" दुकानवाली बाहेर रस्त्यात कुजबुजली. "माझी असती ना, तर एक लगावली असती."

"बोलू दे. आपलेच दात, आपलेच ओठ," टेलरबाई म्हणाल्या. "तू पिल्लू तेवढं चांगलं धडधाकट निवड."

पिल्लू यायच्या दिवशी दुपारी घर असं झालं होतं की जमिनीवरून चाटून खावं. कोपऱ्यात मातीची पाटी, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची वाटी, खोक्यात जुन्या लोकरीची घडी. लेक न्हाली होती. तिने केस विंचरले होते. जमिनीवर मांडी घालून ती पिल्लासाठी खेळणं करत होती. चिंध्यांचा छोटा गोंडा. बटण नाही, मणी नाही, नुसत्या चिंध्या. किल्लीने डबा उघडून तिने दोरा काढला, गोंड्याला बांधला आणि काठीला लटकवायला घेतला. गुणगुणत होती की नुसती ओठ हलवत होती, कोण जाणे. टेलरबाई मशीनवर बसून हे बघत होत्या आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं वाटत होतं की त्यांचं भान सुटलं. तोंडात टाचण्या नव्हत्या. हातात काम नव्हतं. समोर एक मुलगी एकेरी दोऱ्याला घाईची गाठ मारत होती, आणि जन्मभर शिकाऊ पोरींच्या मागे बसून जे म्हटलं तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"एकेरीवर नको गं. दुहेरी घे आणि मेण लाव, नाहीतर सुटेल परत तशीच गाठ."

लेकीचे हात थांबले.

टेलरबाईंना कळलं. शब्द तोंडातून गेला आणि कळलं. पण सुटलेला शब्द काय, ओढून घेता येतो का?

"परत?" लेक म्हणाली. "तेव्हा गाठ कुठे सुटली होती? तेव्हा तर दोरा कुजला होता ना?"

"तेच गं. कुजला म्हणून सुटली. मी आपलं बोलून गेले."

"कुजलेला दोरा तुटतो. सुटत नाही."

"अगं, काय धरून बसलीस..."

लेक उठली. पलंगाकडे गेली आणि तिने उशीखालून आपली माळ काढली. लाल-पिवळी बटणं. इतके महिने ती ही माळ मुठीत धरून झोपत होती. माझी माळ शाबूत राहिली, मी नीट बांधली होती, मी नाही मारलं, एवढ्या एका आधारावर ती जगत होती. आता पहिल्यांदाच तिने ती उजेडात नेली आणि दोन बटणांच्या मधला दोरा नखाने वर उचलला.

दोरा दुहेरी होता. मेण लावलेला. टोकाला तीन फेऱ्यांची बारीक गाठ, खाली दाबून बसवलेली. साऱ्या वस्तीत अशी गाठ मारणारी एकच बाई.

काय म्हणावं या बाईला! नात तिकडे दवाखान्यात थंड पडलेली, लेकीसाठी एवढं मोठं खोटं रचायला बसली, सगळं काही जमवलं, आणि हातांनी मात्र ऐकलं नाही. वाईट गाठ मारायची म्हटली तरी त्या हातांना ती मारता आली नाही. दोरा दुहेरी झाला, मेणावरून फिरला, तीन फेऱ्या पडल्या. आणि त्यांना त्या वेळी ते लक्षातही आलं नव्हतं.

"ही मी ओवलेली नाही," लेक म्हणाली.

"तूच ओवलीस. मी नुसतं नंतर पक्कं केलं."

"मी एकेरीवर ओवली होती. आठवतंय मला." ती अगदी हळू बोलत होती. "माझीच होती ना तिच्या हातात?"

टेलरबाई मशीनवरून उठल्या. "नाही. माझी होती. ऐक माझं, माझीच होती, देवाशपथ."

"आई."

पुढे काही बोलायचं राहिलंच नाही. लेकीने माळ खोक्यातल्या लोकरीच्या घडीवर ठेवली, पलंगावर गेली, आडवी झाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. रडली नाही, ओरडली नाही. टेलरबाई तिच्या पाठीशी उभ्या राहून बोलत राहिल्या. मी पाहिलं होतं गं. तू गाठ मारताना मी पाहिलं होतं, सांगणार होते, पण तोंडात टाचण्या होत्या. माझंच चुकलं, मी बोलले असते तर... आणि हे तर अगदी खरं होतं. इतक्या खोट्यानंतर त्या पहिल्यांदा खरं बोलत होत्या.

"पुरे," भिंतीकडून आवाज आला. "माझ्या वाटणीचं उचलायची सवयच लागलीय तुला."

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि "आले हो नवे भाडेकरू!" असं ओरडत दुकानवाली आत आली. पिशवीतून तिने पिल्लू काढलं. राखाडी, मुठीत मावेल एवढं, एका कानावर काळा ठिपका. तिने ते हौसेने पलंगावर, लेकीच्या पाठीशी सोडलं. पिल्लाने तिच्या दंडाला नखं लावली, वर चढायला बघितलं, घसरलं, पुन्हा लावली. लेक हलली नाही. दुकानवालीने टेलरबाईंकडे पाहिलं, टेलरबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, आणि ती बोलकी बाई एक अक्षर न बोलता निघून गेली.

त्यानंतरचे दिवस पहिल्या दिवसांपेक्षा वाईट होते. पहिल्या दिवसांत पोर निदान चिडत तरी होती. आता तिने चिडणंही सोडलं. "नको" सुद्धा म्हणेना. ताट ठेवलं तसं उचलावं लागे. टेलरबाईंनी मुद्दाम तिची खोड काढून बघितली. चहात साखर जास्त घातली, जमिनीवर पाणी सांडलं, रेडिओ मोठ्याने लावला. एक नाही की दोन नाही. जावयाचा बोटीवरून फोन आला तर तिने तो कानाला लावून घेतला आणि तसाच परत दिला. तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता बिचारा.

पिल्लू मात्र घरभर हुंदडत होतं. त्याच्यासाठी सजवलेल्या त्या घरात त्याला कशाचीच भीती नव्हती. बुजवलेल्या फटींवरून ते उड्या मारायचं, जाळीवर चढायचं, लेकीच्या पायांवर झोपायचं. लेक पाय काढून घेत नव्हती. पण कुरवाळतही नव्हती. टेलरबाई त्याला दूध पाजायच्या आणि मनात म्हणायच्या, तुला आणलं कुणासाठी आणि तू पडलास कुणाच्या गळ्यात!

हळूहळू लेकीचे गाल आत गेले. मनगटाची हाडं वर आली. एका दुपारी तिला पाणी पाजताना अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं, आणि तिने ते पुसायलाही हात उचलला नाही. टेलरबाई तिथेच भांडं हातात धरून बसून राहिल्या. ही चालली, असं त्यांना स्पष्ट वाटलं. मी हिला वाचवायला खोटं बोलले, आणि खरं बोलून मारलं.

मग त्यांनी जे केलं ते चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. पण आईचा जीव टांगणीला लागला की ती काय करेल याचा नेम नसतो.

किल्ली पलंगाच्या उशालाच होती, आता तिला कोणी विचारत नव्हतं. त्यांनी डबा उघडला, हातभर दोरा कापला, सुई न लावता, नुसता दोरा, आणि जमिनीवर टाकला. नेमका पलंगाच्या समोर. मग मशीनवर जाऊन बसल्या आणि रिकाम्या कापडावर टिपा मारायला लागल्या.

पिल्लू आलं. त्याने दोऱ्यावर पंजा मारला, उडी मारली, लोळलं. दोरा त्याच्या दातांत अडकला. मांजराची जीभ खरखरीत असते, एकदा दोरा आत गेला की त्याला थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. टेलरबाईंना हे माहीत होतं. लेकीनेच सांगितलं होतं. दोरा इंच इंच आत जात होता आणि त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बघत होत्या. ऊठ गं. ऊठ ना गं बाई. थोडं आणखी, मग मीच उठते, मग मीच काढते. पिल्लाने मान ताणली आणि घशातून आवाज काढला. ओला, घुसमटलेला आवाज.

हा आवाज टेलरबाईंनी ऐकला होता, ठकीच्या घशातून. उठायचं होतं आणि उठता येईना. हे काय करून बसले मी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पलंग करकरला. लेक खाली आली होती, आली म्हणजे जवळजवळ पडलीच. गुडघ्यांवर सरकत तिने पिल्लाला मानेला धरून उचललं, जबडा दोन बोटांनी उघडला, करंगळी आत घातली, आणि दोरा धरून हळूहळू, अगदी हळूहळू बाहेर ओढला. हिसका दिला नाही. ओला दोरा वीतभर, दोन विती बाहेर आला. पिल्लू खोकलं, शिंकलं आणि तिच्या हाताला कचकन चावलं. मग तिच्या झग्यात तोंड खुपसून थरथरत राहिलं.

लेक त्याला छातीशी धरून बसली. तिचे खांदे हलायला लागले. ठकी गेल्यापासून ती रडली नव्हती, ती आता रडली, तोंड उघडं टाकून, आवाज करून, शेजारपाजारची पर्वा न करता. "तिच्याही घशात घालायला हवं होतं गं बोट," ती म्हणत होती, "मी नुसती पळाले, आई, मी नुसती पळत सुटले..." टेलरबाई कशाबशा तिच्याजवळ येऊन टेकल्या. हात लावावा की नको, त्यांना कळेना.

बऱ्याच वेळाने लेकीने नाक पुसलं. जमिनीवरचा दोरा उचलला, उजेडात धरला. दोन्ही टोकं कात्रीने सरळ कापलेली.

"हा कुठून आला?"

"पडला असेल गं. काम करताना."

लेकीने डब्याकडे बघितलं. कुलूप उघडंच लटकत होतं. तिने मशीनवरच्या कापडाकडे बघितलं, त्यावर नुसत्या आडव्यातिडव्या टिपा होत्या. मग तिने आईकडे बघितलं.

"एवढी म्हातारी झालीस," ती म्हणाली, "अजून तुला धड खोटं बोलता येत नाही."

टेलरबाईंनी तिच्या हातातला दोरा काढून घ्यायला हात पुढे केला.

"मेलं असतं ते! डोळे फुटलेत का तुझे? अक्कल गहाण टाकलीस? जिवाशी खेळ करतेस? माझ्यासाठी ह्याचा जीव घेणार होतीस तू, ह्या एवढ्याशाचा? कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढत गेला. बसल्या बसल्याच तिने पिल्लाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि मोकळ्या हाताने आईच्या खांद्याला ढोसलं, एकदा, दोनदा. "परत असं केलंस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. कळलं? आण इकडे ती किल्ली. आणि ह्याचं दूध कुठंय? सकाळपासून काही घातलंस का ह्याला, की नुसता दोराच?"

ती बोलतच राहिली. ठकीचं काढलं, टाचण्यांचं काढलं, माळेचं काढलं, मला इतके महिने तुझ्यावर भुंकू दिलंस, लाज नाही वाटली, म्हणाली. टेलरबाईंनी एकही शब्द परतवला नाही. भिंतीला धरून त्या उठल्या आणि त्यांनी दुधाच्या शेजारी चहाचंही आधण ठेवलं, कारण एवढं बोलून पोरीचा घसा कोरडा पडला असणार.